वरचं सप्तक

१२ जानेवारी

धाकट्या,

बाबांनी तू पाठवलेला कीबोर्ड स्क्रू ड्रायव्हरने उघडला आणि आतल्या सर्किटमध्ये तारा लावायची आपली चावी घालून फिरवली. यंत्र बंद पडलं. त्यांचा तळहात फाटला, टाके घालावे लागले. म्हणून हे पत्र. एरवी मी लिहिलं नसतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची पद्धत आईची होती. ती तिच्याबरोबर गेली.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि सुटतोस. कागदाला उत्तर द्यावं लागतं.

आधी एक सांगते. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे. कीबोर्डात तारा नसतात हे त्यांना कळतं. ज्या माणसाचं आयुष्य हार्प्सिकॉर्डसारखं पट्ट्यांचं आणि शेकडो तारांचं वाद्य बांधण्यात आणि लावण्यात गेलं, त्याला तेवढं कळणारच. मी विचारलं, मग उघडलात कशाला? म्हणाले, "याला काही होत का नाही, ते बघत होतो."

जुन्या घरातल्या सकाळी तुला आठवत असतील. उठले की तोंडसुद्धा न धुता कारखान्यात. रात्रीतून हवा बदललेली असायची, वाद्याची फळी हललेली असायची, काल लावलेल्या तारा आज उतरलेल्या असायच्या. एकेक खुंटी पिळून सगळं वाद्य पुन्हा सुरात आणायचं आणि मगच चहा. आधी चहा घेतला तर कान जड होतात म्हणायचे. आई दोनदा चहा गरम करायची आणि तिसऱ्यांदा ओतून द्यायची.

आता काय होतं ते ऐक. उठतात, तुझ्या कीबोर्डसमोर बसतात, चार पट्ट्या एकदम दाबतात. काल होता तसाच सूर. परवा होता तसाच. उठतात. त्यानंतर दिवसभर त्यांना काही करायचं नसतं. दाढी सोडली आहे. ताटातलं इकडचं तिकडे करतात आणि ताट सरकवतात. पँट दोरीने बांधावी लागते. डॉक्टर म्हणाले, रोग नाही, पण माणूस असाच खंगत गेला तर उन्हाळा निघणार नाही. काहीतरी काम द्या. मी भाजी निवडायला दिली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ती उचलून नेली.

दुरुस्तीला तुझ्या कंपनीची एक मुलगी आली होती. चुणचुणीत आहे. अभिमानाने सांगत होती की, आजोबा, हा शंभर वर्षं सुरातून हलणार नाही. बाबा हाताला पट्टी बांधून बसले होते. म्हणाले, "बाळ, जो अजिबात हलत नाही त्याला आमच्यात उचलून नेतात." ती हसली. ते हसले नाहीत.

आता माझा प्रश्न. हे यंत्र रोज थोडंथोडं बिघडेल असं करता येईल का? आणि ते बाबांना हाताने सुधारता येईल असं? ज्याचा आवाज या यंत्रात भरलास ते खरं वाद्य तू संग्रहालयात पोचवलंस, ते परत येणार नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. होय किंवा नाही, एवढंच कळव.

बाबांना तुझं पत्र वगैरे नको आहे. यंत्राचं बघ.

— मोठी


३० जानेवारी

धाकट्या,

होय की नाही विचारलं होतं. तू चार पानं लिहिलीस आणि होय शेवटच्या पानाच्या तळाशी ठेवलास. शुद्धलेखन अजून तसंच आहे.

तुझे सहकारी हसले, असं लिहितोस. हसू देत. वाद्य सुरातून उतरू नये म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं आणि एक म्हातारी शिक्षिका त्यांना ते उतरवायला सांगते आहे. मीही हसले असते.

हार्प्सिकॉर्ड नेमका कसा उतरतो, असं तू विचारलंस. मी बाबांना विचारलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी हवं आहे, असं सांगितलं. तुझं नाव काढलं नाही. संध्याकाळी बोलायला लागले ते जेवण गार होईपर्यंत बोलत होते. मी लिहून घेतलं, ते असं.

दमट हवेत फळी फुगते आणि सगळंच चढतं, पण सारखं चढत नाही. मधलं सप्तक जास्त चढतं. कोरड्या हवेत उलट. खालच्या तारा पितळेच्या, त्या उष्णतेने लगेच सैल पडतात. वरच्या लोखंडी तारांना वेळ लागतो. त्यामुळे दुपारी खालचं आणि वरचं एकमेकांशी भांडतं. नवी तार बरेच दिवस ढिली पडत राहते. आणि एखादी खुंटी काहीही कारण नसताना घसरते. तिच्यावर चिडायचं नाही, म्हणाले. घरात असं एखादं माणूस असतंच. हे म्हणताना माझ्याकडे बघत होते. तुझ्याकडे बघता आलं नसतं म्हणून असेल.

त्या रात्री दोनदा वाढून घेतलं.

या निमित्ताने मलाही एक आठवलं. बाबांच्या वाद्याचा आवाज कीबोर्डसाठी टिपायला तू मायक्रोफोन घेऊन आला होतास, तेव्हा एकेक पट्टी दाबायची, सोडायची आणि तारेचा आवाज पूर्ण विझेपर्यंत कोणी श्वासही घ्यायचा नाही, असा तुझा कायदा होता. पंखा बंद, घड्याळ बंद. आणि आईला खोकला यायचा म्हणून तिला शेजाऱ्यांकडे नेऊन बसवलं होतं. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ती दिवसभर परक्या घरात खुर्चीवर बसायची. तिला ते खुपलं नाही. तिला तुझं काही खुपायचं नाही. ती गेली त्या आठवड्यात तू कुठल्याशा चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसमोर मायक्रोफोन धरून उभा होतास आणि तिथून निघता येत नाही असं कळवलंस. हे मी आत्ता लिहिणार नव्हते.

यंत्राचं लवकर कर.

— मोठी


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

यंत्राला जोडायची पेटी आली. तीच चुणचुणीत मुलगी घेऊन आली आणि जोडून गेली.

मला वाटलं होतं, रेडिओला असतात तशी बटणं असतील. तू लाकडाची पेटी केलीस आणि प्रत्येक सुराला एक खरी लोखंडी खुंटी ठोकलीस, बाबांची चावी जिच्यावर बसते तशी. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. एवढं म्हणून ठेवते.

पहिल्या सकाळी त्यांनी चार पट्ट्या दाबल्या आणि स्वयंपाकघरात मला त्यांचा आवाज आला, "अरे, याला कोणी हात लावला?" किती दिवसांनी चिडले होते. मी बाहेर येईपर्यंत चावी हातात होती. दुपारपर्यंत उठले नाहीत. टाक्यांची जागा दुखत होती, तर डाव्या हाताने पिळत होते. चहा मी दोनदा गरम केला आणि तिसऱ्यांदा ओतून दिला.

ते फसलेले नाहीत. मुलीने त्यांना सगळं समजावून सांगितलं: आवाज तुमच्याच जुन्या वाद्याचा, आजोबा, फक्त आता तो रोज आपोआप ढळेल आणि तुम्ही तो लावायचा. बाबा म्हणाले, "म्हणजे पोराने यंत्राला आजारी पडायला शिकवलं." तुझं नाव तिनेही घेतलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "तुझा तो प्रकल्पवाला विद्यार्थी मला पहिल्याच प्रश्नाला कळला होता. पितळेची तार आधी की लोखंडाची, असं विचारणारा आपल्या घरात एकच जन्मला."

दाढी केली आहे. गालाला दोन ठिकाणी कापलं, पण केली. पँटची दोरी आहे, पण गाठ पुढे सरकली आहे. शेजारच्यांना सांगतात, वाद्याला नव्या घराची हवा मानवत नाही हो, रोज बसावं लागतं. तक्रार करतात आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा.

रोज सकाळी आमच्याकडे बिघाड असतो. बरं चाललं आहे.

— ताई


१६ मार्च

धाकट्या,

तुझ्या यंत्रात दोष आहे. तो ताबडतोब काढ.

मी तुला ते थोडंसं बिघडवायला सांगितलं होतं. बाबांना हरवणारं यंत्र मागितलं नव्हतं. सकाळभर खपून ते लावतात, तरी वरचं सप्तक बेसूरच राहतं आणि दर आठवड्याला जास्त बेसूर होतं. मला गाण्यातलं कळत नाही, पण खडू फळ्यावर आडवा पडला की काय होतं ते कळतं. तसं होतं.

परवा त्यांनी खालच्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिकेला मुद्दाम ऐकायला बोलावलं. स्वतः खुर्ची पुसली. बाईंनी एक तुकडा वाजवला. खाली हात होते तोवर ठीक होतं. हात वर गेले आणि त्यांनी मध्येच थांबून बाबांकडे बघितलं. बाबा डोळे मिटून मान डोलावत होते. बाईंनी तुकडा पुरा केला, "वेगळंच आहे," म्हणाल्या आणि चहा अर्धा टाकून उठल्या. मी जिन्यापर्यंत गेले. तिथे हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, ते यंत्र तपासून घ्या. वरचं सगळं चढलं आहे, आणि वर जावं तसं जास्तच. त्यांच्यासारख्या माणसाच्या घरी हे बरं दिसत नाही."

बाबा खूश आहेत. बाई अवाक् झाल्या म्हणतात. आज तर म्हणाले, "कितीतरी वर्षांत असं लागलं नव्हतं." रविवारी त्यांना आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायचं आहे. जे अजून हयात आहेत ते येतील, आणि त्या प्रत्येकाला कान आहेत.

मी रविवार पुढे ढकलला आहे. पाहुणे येणार नाहीत म्हणून बाबा रुसले आहेत. उतरण्याचं प्रमाण कमी कर.

— मोठी


२ एप्रिल

धाकट्या,

तुझं वाक्य मी दोनदा वाचलं: "ताई, यंत्र रोज केसभर उतरतं. बाबा ते हातभर चढवतात."

यंत्र तिकडे तुला रोजचं सगळं कळवतं हे मला माहीत नव्हतं. कोणती खुंटी किती फिरली ते तू इतके दिवस तिथे बसून बघत होतास आणि बोलला नाहीस. ठीक. मीही दाराची घंटा त्यांना ऐकू येत नाही हे बघत होते आणि वय झालं म्हणून सोडून देत होते.

कॉलेजात ध्वनी शिकले ते अजून थोडं आठवतं. दोन सूर जवळजवळ सारखे असले की त्यांच्यात एक थरथर उठते. लावणारा खुंटी पिळतो ती त्या थरथरीकडे कान देऊन, आणि ती विझली की थांबतो. वरच्या सुरांत ती थरथर फार बारीक असते. कानाचं जे टोक आधी झिजतं तेच नेमकं तिला लागतं. बाबांना ती आता ऐकूच येत नाही. तिच्याशिवाय ते अंदाजाने पिळतात, आणि खरा सूर त्यांच्या कानाला पडलेला वाटतो म्हणून आणखी वर नेतात. तू हेच लिहिलं आहेस, लांबण लावून.

तुझा उपाय असा की वरच्या सप्तकाच्या खुंट्या आतून तोडायच्या. ते पिळतील, यंत्र मात्र स्वतःच बरोबर सुरावर जाऊन बसेल. बाबांना काम राहील, ऐकणाऱ्याला त्रास होणार नाही, कोणाला कळणार नाही.

खोटेपणा मला पटत नाही. पण ते पुन्हा रविवारचं बोलायला लागले आहेत. त्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलेलं बाबांनी बघितलं, तर पुढे काय होईल ते मी जानेवारीत बघितलं आहे. या वेळी ते त्याहून वाईट असेल.

कर. केव्हा केलंस ते मला सांगू नकोस. माझ्या तोंडावर दिसतं.

— मोठी


११ एप्रिल

धाकट्या,

केव्हा केलंस ते मला त्याच दिवशी कळलं, कारण बाबांना कळलं.

सकाळभर ते एकच खुंटी पिळत होते. नंतर तिच्या शेजारची. मग हाक मारली. म्हणाले, "खुंटी फिरते, सूर फिरत नाही." मी म्हटलं, बिघडलं असेल, त्या मुलीला बोलावते. म्हणाले, "खालच्या चालतात. वरच्याच चालत नाहीत. वाद्य असं रेघ मारल्यासारखं मोडत नाही. हे कोणीतरी विचार करून मोडलं आहे."

आपण दोघांनीही हे आधीच ओळखायला हवं होतं. सगळ्या जगाला फसवता आलं असतं. पण पिळल्यावर तार हाताखाली किती येते, हे ज्याच्या मनगटाला माहीत आहे, त्याला तू न येणारी तार दिलीस. आणि ती देऊ दिली मी.

ते माझ्याकडे बघत राहिले. उत्तर माहीत असूनही प्रश्न विचारणारी मुलं मी जन्मभर वर्गात बघितली आहेत. त्यांना उडवून लावता येत नाही.

मी म्हटलं, "बाबा, तुमचे कान गेले आहेत. वरचे सूर तुम्हाला नीट ऐकू येत नाहीत. तुम्ही ते चढवून ठेवता."

त्यांनी चावी खुंटीवरून काढली आणि मांडीवर ठेवली. "कधीपासून?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

मी दूध आणून ठेवलं, त्यावर साय धरली. मग म्हणाले, "धाकट्याने रेकॉर्डिंग केलं, तेव्हा?"

आता ऐक. गेली पाच वर्षं हा माणूस एका गोष्टीवर जगतो आहे. वाद्य गेलं, कारखाना पाडला, आई गेली, पण आपण लावलेला सूर देशोदेशीच्या लोकांच्या घरात वाजतो आहे, हे ते दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगतात. तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेत त्यांचं नाव छापलं आहे ते पान त्यांनी कपाटाच्या दाराला आतून लावलं आहे. तो सूरच जर चुकलेला असेल, तर त्यांच्या नावाने खोटा माल जगभर गेला, असं ते धरून बसले आहेत. मरणाला ते घाबरत नाहीत. याला घाबरले आहेत. जेवण पुन्हा बंद आहे.

तूच तिथे होतास, तुझ्याच कानाला यंत्रं लावलेली होती. तेव्हा वरचं सप्तक बरोबर होतं का? होय की नाही. पहिल्या ओळीत लिही.

— मोठी


२५ एप्रिल

धाकट्या,

पहिल्या ओळीत लिहिलंस. बरं केलंस.

म्हणजे तेव्हाच चुकलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी तुमच्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलं, ते एकमेकांना खुणा करायला लागले, आणि तू त्यांना बाहेर नेऊन तंबी दिलीस. परत गेल्यावर एकेक सूर स्वतः बसून खाली ओढलास आणि नाव मात्र बाबांचं छापलंस. आणि वाद्य संग्रहालयाला दिलंस, कारण तिथे ते काचेमागे राहणार, कोणी वाजवणार नाही, म्हणून कोणाला कळणार नाही. मी समजत होते की तू तुझ्या बढतीसाठी दिलंस. तसं मी नातेवाइकांत बोललेही. त्या बाबतीत तुला जे बोलले ते परत घेते. आईच्या बाबतीत बोलले ते परत घेत नाही.

त्यांना सांगू नकोस, असं तू विनवलं आहेस. बरोबर होतं म्हण, त्यांना कुठे पडताळता येणार आहे, असं लिहिलं आहेस. धाकट्या, त्यांना पडताळता येत नाही म्हणूनच मला खोटं बोलता येत नाही. आता त्यांच्याकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरं काय आहे? एकदा तुझ्या खुंट्यांना हो म्हटलं, तेवढं पुरे.

मी सांगितलं. खुर्ची समोर ओढून, मोठ्या आवाजात, एकदाच.

त्यांनी विचारलं, "दुरुस्त कोणी केलं? यंत्राने?"

म्हटलं, धाकट्याने. एकेक सूर, हाताने.

"नीट केलं?"

म्हटलं, नीट केलं. खालच्या बाई सांगतात, यंत्र जसं आलं होतं तसं उत्तम होतं.

"मग बरं केलं. बिघडलेलं वाद्य गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ द्यायचं नसतं." आणि दूध प्यायले. मला वाटलं, पार पडलं.

दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा मागून म्हणाले, "म्हणजे लोकांच्या घरी वाजतं ते धाकट्याने लावलेलं."

मला नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळी कपाट उघडलं तर ते पान त्यांनी काढलं होतं. फाडलं नव्हतं. घडी करून शर्टांखाली ठेवलं होतं.

त्यानंतर दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. आज उठले, भिंतीला धरत यंत्राशी गेले आणि मला जे सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहिते: "त्याला सांग, खुंट्या पुन्हा जोड. मला कोणाला ऐकवायचं नाही. माझ्या कानाला लागतं तसं एकदा लावू दे."

तेव्हा तोडलेल्या खुंट्या जोड. आणि यंत्राचं रोजचं उतरणंही आता थांबव. ते जिथे लावतील तिथेच राहू दे.

— ताई


१४ मे

धाकट्या,

खुंट्या जोडल्यास, कळलं. पहिल्या पिळण्यालाच मान वर करून म्हणाले, "आली." तार म्हणायची होती त्यांना.

फार हळू चाललं होतं. हातात जोर नाही. एका बैठकीत एक सूर, कधी तोही अर्धा. मी मागे उशी लावून बसवते आणि चावी खुंटीवर बसेपर्यंत मनगट धरते, पुढे सोडते. खालच्या बाईंना मी खरं काय ते सांगून टाकलं. आता त्या शिकवणी सुरू व्हायच्या आधी विचारतात, आजोबांचं झालं का? नसेल झालं तर मुलांना जिन्यात बसवून ठेवतात.

मध्येच मला विचारायचे, कसं वाटतं? मी म्हणायचे, मला खुपतं. त्यावर म्हणाले, "मग जमतंय."

काल शेवटचा सूर लागला. त्यांनी एक लहानसा तुकडा वाजवला, आई स्वयंपाकघरातून गुणगुणायची तो. मी पलंगाच्या कडेवर बसले होते. खालचा हात होता तोवर ते आपलं जुनं घर होतं. वरचा हात आला आणि माझे दात शिवशिवले. त्यांचा चेहरा मात्र सकाळचं वाद्य लागल्यावर कारखान्यातून बाहेर येताना असायचा तसा होता. मला वाकडं ऐकू येत होतं ते त्यांना सरळ ऐकू येत होतं. मला हे कळत होतं आणि तरी माझ्या कानांना ते सरळ करता येत नव्हतं. मी शेवटपर्यंत बसले. तू असतास तर बसला असतास की नाही, माहीत नाही. कान तुझे माझ्यापेक्षा चांगले आहेत, म्हणजे तुला जास्त लागलं असतं.

वाजवून झालं आणि झाकण लावलं. त्यानंतर अन्न घेत नाहीत. पाणी चमच्याने. डॉक्टर आले होते, रुग्णालयात न्या म्हणाले. बाबा नको म्हणाले, आणि मी त्यांचंच ऐकलं आहे. निर्णय माझा आहे, त्यावर नंतर भांड.

इथे येऊन तुला काही दुरुस्त करता येणार नाही, तेव्हा अवजारं आणू नकोस. जे काम हातात असेल ते तिथेच टाक आणि नीघ.

— ताई


३१ मे

नोंद

वडिलांच्या खोलीतल्या खालील वस्तू मोठ्या मुलीने धाकट्या मुलाला आज सकाळी दिल्या. वडील गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी घेणारा पोचला. वाटेत अडकला असं म्हणाला. देणारीने कारण विचारलं नाही.

कीबोर्ड, एक. चालू. डाव्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे आहेत, ते आधीचे.

खुंट्यांची पेटी, एक. सगळ्या खुंट्या फिरतात आणि सूर त्यांच्याबरोबर फिरतो.

तारा लावायची चावी, एक. मूठ झिजलेली.

पुस्तिकेतलं पान, घडी केलेलं. घेणारा नको म्हणाला. मग घेतलं.

कपडे दिले नाहीत, आधीच वाटून टाकले. आईच्या आजारपणाबद्दल देणारीची तक्रार होती, ती तोंडी सांगितली. घेणाऱ्याने मध्ये न बोलता ऐकली.

वाद्य चालू असल्याची खात्री घेणाऱ्याने स्वतः वाजवून केली. खालून सुरुवात केली. वरच्या सप्तकात गेल्यावर हात थांबला, नंतर तेच सूर त्याने एकेक करून पुन्हा दाबले आणि प्रत्येक सूर पूर्ण विझेपर्यंत बसला. खालून शिकवणीची मुलं वर आली होती, ती दारात उभी राहिली. मागच्या बाजूला सगळे सूर मूळ जागी नेणारं बटण आहे, ते देणारीने दाखवलं. घेणारा म्हणाला, माहीत आहे, मीच बसवलं आहे.

वाद्य लावलेलं होतं तसंच घेतलं.

देणार: ताई
घेणार: धाकटा